एका गाण्याचे धनी

गाणें कोणाचें, या प्रश्नाला तीन निरनिराळीं उत्तरें संभवतात. ज्याला तें सुचलें त्याचें. ज्यानें तें गाइलें त्याचें. आणि ज्याच्या नांवावर तें दप्तरांत नोंदलेलें आहे त्याचें. पहिलीं दोन उत्तरें रसिकाला पुरेशीं वाटतात. व्यवहाराला मात्र तिसरेंच लागतें. हीं तिन्ही उत्तरें एकाच माणसाकडे बोट दाखवितात तोंपर्यंत कोणी कांहीं बोलत नाहीं. परंतु तीं एकमेकांशीं जुळेनाशीं झालीं म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ या गाण्याच्या इतिहासासारखा बोलका दाखला सांपडणें कठीण. वेडीं माणसें प्रेमांत कां पडतात, असा त्या नांवाचा अर्थ. न्यूयॉर्क शहरांतील पांच शाळकरी मुलांनीं गाइलेलें, अडीच मिनिटांच्या आंत संपणारें हें गाणें १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचे धनी कोण, याचा शेवटचा निकाल १९९६ सालीं लागला. त्या निकालानें वाद मिटला. प्रश्न मात्र सुटला असें म्हणवत नाहीं.

ज्या गायनपद्धतीचें हें गाणें आहे तिला पुढें ‘डू-वॉप’ असें नांव पडलें. हें नांव १९६० नंतरचें; पद्धति त्याहून जुनी. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत चार-पांच आवाजांनीं मिळून भक्तिगीतें म्हणण्याची चाल पूर्वापार होती. १९३० नंतरच्या दशकांत ‘मिल्स ब्रदर्स’ आणि ‘इंक स्पॉट्स’ या गायकमंडळींनीं त्या चालीला लौकिक गाण्यांत प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४८ च्या सुमारास, बाल्टिमोरच्या ‘ओरिओल्स’सारख्या तरुण मंडळींनीं तिला नवें वळण लाविलें. त्यानंतर न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांतील गरीब वस्त्यांत रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर गाणाऱ्या मुलांचीं टोळकीं दिसूं लागलीं.

या मुलांजवळ वाद्यें नव्हतीं, कारण वाद्यांना पैसे पडतात. म्हणून वाद्यांचें काम त्यांनीं गळ्यावर सोंपविलें. एकानें खर्जांत राहून ठेका धरावयाचा, दोघातिघांनीं मध्यम पट्टींत स्वरांचा पडदा उभा करावयाचा, आणि एकानें वरच्या पट्टींत मुख्य गीत म्हणावयाचें, अशी ही वांटणी असे. साथीच्या आवाजांना शब्द नसत. निरर्थक अक्षरेंच तेथें वाद्याचें काम करीत. आपल्याकडे तराण्यांत अक्षरांना अर्थ नसतो, पण त्यांवांचून तराणा उभा राहत नाहीं. या अक्षरांचेंहि कांहींसें तसेंच आहे. गाण्याचा स्वरांचा सांचा बहुधा चार स्वरसंघांचा, पुनःपुन्हां फिरून येणारा आणि सहज कानांत बसणारा असे. चाळींचे जिने, भुयारी आगगाडीचीं स्थानकें, शाळेंतील न्हाणीघरें या जागा मुलांना विशेष प्रिय, कारण तेथें आवाज घुमतो आणि पांच गळ्यांचे दहा वाटतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे, कारण पुढील सर्व तंट्याचें मूळ तिच्यांत आहे. अशा मंडळींत गाणें कागदावर लिहिलें जात नसे. एखाद्याला एक ओळ सुचे, दुसरा तिची चाल फिरवी, तिसरा खर्जांतला उठाव घाली, चौथा म्हणे कीं येथें थांबूं नये; आणि महिना-दीड महिना रोज म्हणून म्हणून त्याला कांहीं एक आकार येई. अशा गाण्याचा कर्ता कोण, असें त्या मुलांना कोणी विचारलें असतें तर त्यांनीं बहुधा ‘आम्ही’ एवढेंच सांगितलें असतें. परंतु ‘आम्ही’ हें नांव कोणत्याहि नोंदवहींत लिहितां येत नाहीं.

नोंदवहीचें महत्त्व काय, तेंहि सांगितलें पाहिजे. ध्वनिमुद्रिकेच्या धंद्यांत गायकाला मिळणारा पैसा निराळा आणि गीतकर्त्याला मिळणारा निराळा. गायकाचा वांटा त्यानें स्वतः गाइलेल्या तबकडीपुरता असतो. तिची विक्री थांबली कीं तोहि थांबतो. कर्त्याचा हक्क गाण्यावरच असतो. तेंच गाणें उद्यां दुसऱ्या कोणी म्हटलें, नभोवाणीवर लाविलें गेलें, बोलपटांत घेतलें, तरी प्रत्येक वेळीं कर्त्याला कांहीं ना कांहीं मिळत राहतें. अर्थात् तबकडी हें एका हंगामाचें पीक, तर कर्तृत्वाची नोंद ही पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन होय. धंद्यांत मुरलेल्या माणसांना हा भेद पक्का ठाऊक होता. कोपऱ्यावरच्या मुलांना तो ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. म्हणून त्या काळीं तबकड्या काढणारा व्यापारी किंवा नभोवाणीवर त्या वाजविणारा निवेदक आपलें नांव गीतकर्त्यांच्या रांगेंत बेधडक घालून घेई. १९५५ सालच्या चक बेरीच्या ‘मेबेलीन’ या गाण्यावर ॲलन फ्रीड या प्रसिद्ध निवेदकाचें नांव असेंच चढलें होतें. तें उतरावयास १९८६ साल उजाडावें लागलें.

दुसरा प्रकार गोऱ्या गायकांच्या नकलांचा. कृष्णवर्णीय मंडळींचें गाणें जरा लोकांच्या तोंडीं बसूं लागलें कीं मोठ्या कंपन्या तेंच गाणें गोऱ्या गायकांकडून म्हणवून घेत, आणि मूळ तबकडी मागें पडे. १९५४ सालीं ‘कॉर्ड्‌स’ या मंडळींच्या ‘श्-बूम’ गाण्याची हीच गत झाली. मूळ गाण्याचा बोलबाला झाला खरा, पण अमेरिकेंत पहिला क्रमांक मिळाला तो ‘क्रू-कट्स’ या गोऱ्या मंडळींच्या आवृत्तीला.

या पार्श्वभूमीवर आपल्या पांच मुलांची ओळख करून घ्यावी. मॅनहटनच्या उत्तर भागांत, हार्लेमला लागून असलेल्या वस्तींत एडवर्ड डब्ल्यू. स्टिट नांवाची एक शाळा होती. तेथील शर्मन गार्न्स आणि जिमी मर्चंट या दोघां कृष्णवर्णीय मुलांनीं गाणारी मंडळी काढली. हर्मन सँटिआगो आणि ज्यो नेग्रोनी हे पोर्तो रिको बेटांतून आलेल्या कुटुंबांतले दोघे त्यांना मिळाले. गार्न्सचा आवाज खर्जाचा, नेग्रोनीचा मध्यम, मर्चंटचा त्याहून वरचा. सँटिआगो मुख्य गायक होता. सर्वांत शेवटीं आला तो फ्रँकी लायमन. त्याचा जन्म १९४२ च्या सप्टेंबरांतला. म्हणजे गाणें मुद्रित झालें तेव्हां त्याला नुकतेंच तेरावें पुरें झालें होतें. त्याचे आईबाप भक्तिगीतें गाणाऱ्या एका मंडळींत गात आणि तोहि लहानपणापासून त्यांतच वाढला होता.

गाणें कसें सुचलें याची हकीकत त्या मंडळींनीं पुढें सांगितली आहे. त्यांच्या तालमी ऐकणाऱ्या एका शेजाऱ्यानें आपल्याला आलेलीं प्रेमपत्रें त्यांना दाखविलीं, आणि तुमच्या गाण्यांत यांतलें कांहीं घ्या, असें म्हटलें. त्यांतील एका कल्पनेवर सँटिआगो आणि मर्चंट यांनीं गाणें बांधलें. लायमननें त्याची चाल आपल्या गळ्याप्रमाणें फिरविली. याच्या तपशिलांत सांगणाऱ्यागणिक फरक पडतो. कोणाच्या मतें बराच भाग लायमनचा, कोणाच्या मतें जवळजवळ सर्व इतरांचा. पण एकट्यानें कोणी तें रचलें असें मात्र या हकीकतींतून दिसत नाहीं.

रिचर्ड बॅरेट नांवाचा एक गायक त्या वस्तींत राहत असे. त्यानें या मुलांना जॉर्ज गोल्डनर या व्यापाऱ्याकडे नेलें. गोल्डनरच्या तबकड्या ‘टिको’, ‘रामा’, ‘जी’ अशा नांवांनीं निघत. लॅटिन अमेरिकेच्या नृत्यसंगीतापासून त्यानें धंद्याला सुरुवात केली होती, आणि तरुणांना काय आवडेल हें ओळखणारा त्याचा कान तीक्ष्ण होता. गाणें मुख्यतः सँटिआगोनें म्हणावयाचें होतें. तें लायमनकडे गेलें. याचीं कारणें निरनिराळीं सांगतात, परंतु परिणाम एकच झाला. त्या कोंवळ्या, धारदार, न फुटलेल्या आवाजानें गाण्याचें रूपच पालटलें. १९५५ च्या अखेरीस ध्वनिमुद्रण झालें आणि १९५६ च्या जानेवारींत तबकडी बाजारांत आली. मंडळींचें नांव ठेविलें ‘टीनेजर्स’.

तबकडी ऐकली म्हणजे तिच्या यशाचें रहस्य समजतें. आरंभ गार्न्सच्या खर्जांतील अक्षरांनीं होतो. कोणीतरी जिन्यावरून दणदण उतरून यावें तसा तो ठेका येतो. त्यावर बाकीचे तिघे उभे राहतात, आणि मग लायमनचा आवाज सर्वांच्या डोक्यावरून निघून जातो. मध्यें जिमी राइट याचा सॅक्सोफोन थोडा वेळ बोलतो व पुन्हां मुलें येतात. प्रश्न मोठ्या माणसांचा आहे. विचारणारा तेरा वर्षांचा आहे. प्रेमाचा अनुभव नसलेल्या मुलानें प्रेमाविषयीं इतक्या उत्साहानें विचारावें, यांत जो निरागस विनोद आहे तो प्रौढ गायकाला साधणें शक्य नव्हतें.

गेल स्टॉर्म ही गोरी नटी आणि कॅनडांतील ‘डायमंड्‌स’ ही मंडळी यांनीं ताबडतोब नकला काढल्या आणि त्याहि बऱ्याच खपल्या. परंतु या वेळीं मूळ गाणें मागें पडलें नाहीं. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादींत तें पांच आठवडे अग्रस्थानीं राहिलें. सर्वसाधारण यादींत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलें. आणि जुलै महिन्यांत इंग्लंडमध्यें तीन आठवडे पहिलें राहिलें. पुढच्या वर्षीं ही मुलें लंडनच्या पॅलॅडियम नाट्यगृहांत गाऊन आलीं. नकलांचें अपयश हें या गाण्याच्या इतिहासांतील पहिलें महत्त्वाचें पान होय. कर्त्याचें नांव दप्तरांत बदलतां येतें. आवाज बदलतां येत नाहीं, हें श्रोत्यांनीं दाखवून दिलें.

दप्तरांत मात्र वेगळेंच चाललें होतें. कर्ते म्हणून लायमन आणि गोल्डनर अशीं दोन नांवें राहिलीं. सँटिआगो आणि मर्चंट यांना तेथें जागा मिळाली नाहीं. गोल्डनरला जुगाराचें व्यसन होतें. १९५७ सालीं त्यानें आपल्या कंपन्या मॉरिस लेव्ही याला विकल्या. लेव्ही हा ‘बर्डलँड’ या प्रख्यात जॅझगृहाचा मालक आणि ‘रूलेट’ कंपनीचा चालक. न्यूयॉर्कच्या संगीतव्यापारांत त्याचा दरारा मोठा. कालांतरानें गाण्यावरील गोल्डनरचें नांव गेलें आणि त्या जागीं लेव्हीचें आलें. गाणें जन्मलें तेव्हां ज्याचा त्याच्याशीं कांहीं संबंध नव्हता, तो विकत घेऊन त्याचा मालक झाला, हें समजण्याजोगें आहे. पण विकत घेऊन तो त्याचा कर्ताहि झाला, ही गोष्ट निराळी. जमीन खरेदी करतां येते; आपण ती पूर्वीं नांगरली होती असा पुरावा खरेदीखतानें तयार होऊं नये.

मुलांचें पुढें काय झालें? तबकडीवर आधीं ‘टीनेजर्स’ हें नांव ठळक होतें. थोड्याच काळांत ‘फ्रँकी लायमन आणि टीनेजर्स’ असा क्रम झाला. आणि १९५७ सालीं लायमनला वेगळा काढून एकटा गाऊं लाविलें. त्या वर्षींच्या उन्हाळ्यांत ॲलन फ्रीडच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत तो एका गोऱ्या मुलीबरोबर नाचतांना दिसला. दक्षिणेकडील संस्थानांत त्यावरून मोठा गहजब झाला आणि तो कार्यक्रम बंद पडला. पुढें वयाप्रमाणें लायमनचा आवाज फुटला. ज्या कोंवळेपणावर सारी कीर्ति उभी होती तो गेला आणि त्याच सुमारास अफूच्या उग्र अर्काचें, हेरॉइनचें, व्यसन त्याला जडलें. इकडे तो नसल्यामुळें मंडळीहि निस्तेज झाली. पांचांपैकीं एकाला उचलून पुढें आणल्यानें एकाचा फायदा होईल असें वाटलें होतें. प्रत्यक्षांत पांचांचेंहि नुकसान झालें. लायमन मध्यंतरीं सैन्यांत गेला, व्यसनांतून सुटण्याचे प्रयत्न त्यानें केले, आणि १९६८ च्या फेब्रुवारींत पुन्हां ध्वनिमुद्रण करण्यासाठीं न्यूयॉर्कला परतला. २७ फेब्रुवारीला हार्लेममध्यें आजीच्या घरीं न्हाणीघरांत तो मृत सांपडला. त्या वेळीं त्याचें वय पंचवीस वर्षांचें होतें.

येथें हा इतिहास संपला असता. परंतु १९८१ सालीं डायना रॉस या विख्यात गायिकेनें तेंच गाणें पुन्हां म्हटलें, आणि तें अमेरिकेंत व इंग्लंडांत पहिल्या दहांत आलें. जुन्या जमिनीला अकस्मात् पाणी लागलें. त्यांत कायद्याची एक तरतूद येऊन मिळाली. अमेरिकेच्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें हक्काची पहिली मुदत अठ्ठावीस वर्षांची असे व त्यानंतर ती नवी करून घ्यावी लागे. कर्ता मधल्या काळांत वारला असेल तर हा नवा हक्क त्याच्या विधवेकडे व मुलांकडे जाई. १९५६ मध्यें अठ्ठावीस मिळविले म्हणजे १९८४ येतें. अर्थात् लायमनची विधवा कोण, हा प्रश्न एकाएकीं मोलाचा झाला.

आणि विधवा तीन निघाल्या. एकीचें लायमनशीं लग्न झालें तेव्हां तिचा आधींच्या पतीशीं काडीमोड पुरा झालेला नव्हता. दुसरी ‘प्लॅटर्स’ या मंडळींतील प्रसिद्ध गायिका झोला टेलर. मेक्सिकोंत लग्न झालें असें तिचें म्हणणें, पण ग्राह्य पुरावा नव्हता. तिसरी जॉर्जिया संस्थानांतील ऑगस्टा येथील एक शिक्षिका. तिचें १९६७ मधील लग्न रीतसर नोंदलेलें होतें. लायमननें कोणाशींहि काडीमोड घेतलेला नव्हता. १९८६ पासून हा वाद न्यायालयांत चालला. प्रथम निकाल पहिलीच्या बाजूनें लागला. १९९० सालीं अपिलांत तो फिरून शिक्षिकेला वारसा मिळाला. १९९८ सालीं गाण्याच्याच नांवानें जो चित्रपट निघाला त्याचा विषय हाच. वर्तमानपत्रांनाहि यांत पुष्कळ रस होता, आणि तें स्वाभाविक आहे. एका नवऱ्याच्या तीन बायका हा विषय कोणत्याहि देशांत शिळा होत नाहीं.

परंतु खरा महत्त्वाचा दावा याच्या आड झांकला गेला. १९८७ सालीं सँटिआगो आणि मर्चंट यांनीं लेव्हीवर फिर्याद केली. त्यांचें म्हणणें असें कीं, हें गाणें आम्हीं लायमनबरोबर रचलें. लेव्हीचा किंवा गोल्डनरचा त्यांत कांहीं भाग नाहीं. गार्न्स आणि नेग्रोनी तोंवर वारले होते. लायमनला जाऊन एकोणीस वर्षें झालीं होतीं. पांचांतले हे दोनच साक्षीदार उरले होते. लेव्हीला १९८८ सालीं धाकदपटशानें पैसे उकळण्याच्या कटाबद्दल एका निराळ्या खटल्यांत दोषी ठरविण्यांत आलें, आणि शिक्षा भोगण्यापूर्वींच १९९० सालीं तो मरण पावला. दावा तरीहि चालू राहिला. १९९२ सालीं संघ न्यायालयांत निकाल लागला कीं सँटिआगो आणि मर्चंट हे लायमनचे सहकर्ते आहेत. छत्तीस वर्षांनंतर दोन पन्नाशीच्या घरांतल्या माणसांना, शाळेंत असतांना आपण जें केलें तें आपणच केलें, असें न्यायालयानें लिहून दिलें. पुढच्याच वर्षीं ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेनें या मंडळींचा सन्मान केला, तोहि पांचांच्या नांवांनीं.

१९९६ सालीं अपील न्यायालयानें हा निकाल फिरविला. दोघांनीं गाणें रचलें नव्हतें, असें त्या न्यायालयानें म्हटलें नाहीं. कॉपीराइटचा दावा कारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आंत आणावा लागतो. आपण सहकर्ते आहों हें ज्याला पहिल्यापासून ठाऊक आहे त्यानें तीस वर्षें गप्प बसून मग येतां कामा नये, एवढेंच त्याचें म्हणणें. दावा मुदतबाह्य ठरला, आणि लायमन व लेव्ही हीं नांवें पूर्ववत् राहिलीं.

मुदतीचा कायदा निव्वळ अन्यायाचा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. साक्षीदार मरतात, कागद हरवतात, स्मृति आपल्या सोयीनें बदलते. केव्हांतरी दार लावून घेतलें नाहीं तर कोणाचीच मालकी स्थिर राहणार नाहीं. या गाण्याच्या बाबतींत तर सांगणाऱ्यांच्या हकीकती जुळत नाहींत हें आपण पाहिलेंच. तरीहि एक गोष्ट खुपते. ज्या वेळीं ती तीन वर्षांची मुदत धांवूं लागली त्या वेळीं हक्कदार पंधरा-सोळा वर्षांचे होते. त्यांना हक्क म्हणजे काय हें सांगणारें कोणी नव्हतें, आणि ज्यांना सांगतां आलें असतें त्यांचा फायदा न सांगण्यांत होता. कायदा निजलेल्यास मदत करीत नाहीं, असें म्हणतात. पण मुलांना निजवून ठेवणाऱ्याचें काय, याचा विचार त्या वचनांत आलेला नाहीं.

यांत कोणी एक खलपुरुष दाखवून समाधान मानणेंहि बरोबर नाहीं. गोल्डनर नसता तर ही तबकडी निघती ना, आणि गाणें त्या शाळेच्या जिन्यांतच विरून गेलें असतें. तशीं शेंकडों गाणीं विरलींहि असतील. व्यापाऱ्यानें या कलेला बाजार दिला हें खरें, आणि बाजारांत येण्याची किंमत म्हणून तिच्या कर्त्यांची नांवें घेतलीं हेंहि तितकेंच खरें. कर्ता एकच असतो, आणि तो लिहून देतो, अशा समजुतीवर नोंदवही आखलेली होती. पांचांनीं मिळून तोंडी रचलेल्या कलेला तिच्यांत रकानाच नव्हता. मोकळा रकाना कोणाच्या तरी नांवानें भरला जाणारच. तो जवळ उभ्या असलेल्या व्यापाऱ्याच्या नांवानें भरला गेला. लोकांकडून आलेलीं गाणीं, नाच, गोष्टी जेथें जेथें बाजारांत येतील तेथें तेथें हा प्रश्न उभा राहणार, आणि त्याचें उत्तर गाणें खपूं लागण्यापूर्वींच द्यावयास हवें. मागाहून दिलेलें उत्तर मुदतींत बसत नाहीं.

त्या गाण्याचा प्रभाव मात्र कोणत्याहि नोंदीवर थांबला नाहीं. ‘बीच बॉइज’ या मंडळींनीं १९६४ सालीं तें म्हटलें. रॉनी स्पेक्टरसारख्या गायिकेनें लायमनच्या आवाजानें आपल्याला गाण्याकडे ओढलें असें मोकळेपणानें सांगितलें. आणि मूळ तबकडी आजहि ऐकतां येते. तिच्यावर छापलेल्या नांवांकडे न पाहतां ती लावावी. प्रथम खर्ज ऐकूं येतो, तो गार्न्सचा. मग तिघांचे मिळालेले आवाज, ते नेग्रोनी, मर्चंट आणि सँटिआगो यांचे. आणि त्यांवर लायमनचा. लेव्हीचा आवाज तिच्यांत कोठेंहि नाहीं.